सोसायटीचं ना हरकत पत्र

कोपरी, मंगळवार, संध्याकाळ

इस्टेट एजंटची परीक्षा पास झाले, नोंदणीचा फॉर्मही भरून झाला. अडलं होतं ते फक्त ऑफिसच्या पत्त्यावर. नोकरी गेल्यावर गाळा कुठून आणू? घरचाच पत्ता द्यायचा, आणि त्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र हवं.

आज सेक्रेटरी सावंतकाका ते घेऊन आले. बराच वेळ दार ठोठावत होते. "ताई, बेल बंद आहे तुमची." कधीपासून? मला माहीतच नव्हतं.

पण पत्राआधी मी लिहून द्यायचं होतं. 'माझ्या घरी बाहेरचं कोणीही येणार नाही.' मजकूर त्यांनीच टाइप करून आणलेला. मी पेन हातात धरून बसले.

"अहो, एवढा कसला विचार? नाहीतरी तुमच्याकडे येतं कोण?" काका हसले. वाईट मनाने नाही बोलले. खरंच आहे ते. आई गेल्यापासून कोण आलंय? गॅसवाला. म्हणजे वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मग सही का होईना?

शेवटी 'कोणीही' खोडलं आणि वर हाताने लिहिलं, 'घरांच्या व्यवहारासाठी कोणी'. मग सही केली.

"तुमचं म्हणजे ना, ताई! अर्थ तोच की."

तोच आहे का? मला नाही वाटत.

ते गेल्यावर पत्र अपलोड केलं, अर्ज गेला. मग खाली जाऊन बेलचे सेल आणले. बसवले, आणि बाहेर उभी राहून स्वतःच एकदा दाबून पाहिली.

वाजते.