काकूंचे तीन सेकंद

सिडको, छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय राजेंद्र,

परवा तुला फोनवर म्हणालो, की जुनी हार्ड डिस्क सापडली पण फाइल काही उघडत नाही. खोटं बोललो. ती उघडून आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत तुझं नाव मोबाइलवर दिसलं, की मी तो पालथा ठेवतो. बेचाळीस वर्षांची आपली मैत्री या पत्राने संपेल, ही भीती आहे.

तुझ्या श्रेयाने विचारलं, आजी कशी बोलायची, आणि तुला आठवलं, की आपण बारावीत असताना कॉम्प्युटरवरच्या त्या साहसी खेळात काकूंचा आवाज घातला होता. खाणीच्या दारावर बसलेली म्हातारी इंग्रजीत दरडावायची, तिच्या जागी तुझी आई म्हणायची, “थांब रे, जेवून जा!” किती हसलो होतो आपण! आवाजांच्या फाइलचं कोडं तूच सोडवलं होतंस, मी नुसता शेखी मिरवायचो. आता तेव्हाच्या नोंदींची आपली वही नाही, खेळही चालत नाही, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधलं. फाइलमध्ये नुसते आकडेच आकडे. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की सुरुवातीला यादी आहे: प्रत्येक आवाज कुठून सुरू होतो आणि किती लांबीचा आहे.

तिथेच माझी तेव्हाची चूक सापडली. काकूंचं रेकॉर्डिंग मी फाइलच्या शेवटी चिकटवलं, सुरुवातीचा आकडा बदलला, लांबीचा मात्र म्हातारीचाच राहिला, तीन सेकंद. म्हणून खेळात तेवढंच वाजायचं. प्रत्यक्षात रेकॉर्डिंग अठ्ठावीस सेकंदांचं आहे. मी बंद करायचं विसरलो होतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

तेव्हा तू खाली दळण आणायला गेला होतास. काकू दाराकडे बघून हळू बोलतात, “आभय, राजूला बोलू नको बरं का. छातीत गाठ लागू राहिली. त्याची बारावी होऊ दे, मंग जाते दवाखान्यात. तुला माझी शपथ.” आणि माझा आवाज, घोगरा, घाबरलेला: “नाय सांगणार, काकू.”

ती दिवाळी होती. दवाखान्यात त्या एप्रिलमध्ये गेल्या आणि गणपतीत आपल्याला सोडून गेल्या. दिवाळी ते एप्रिल, त्या पाच महिन्यांत मी रोज तुझ्या घरी जेवलो, त्यांच्या ताटातली भाकरी खाल्ली आणि तोंड उघडलं नाही. शपथ मोडली तर काकूंनाच काहीतरी होईल, असं मला खरोखर वाटत होतं रे. त्यांना वाचवायला गप्प बसलो होतो. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

पहिले तीन सेकंद कापून पाठवले असते, तर तुला कधी कळलं नसतं. कापून ठेवलेही होते. पण बाकीचे पंचवीस सेकंदही तुझ्याच आईचे आहेत, ते दाबून ठेवायचा मला काय हक्क? पत्रासोबत पूर्ण फाइल पाठवतोय. श्रेयाला पहिलं वाक्य ऐकव. पुढचं आधी एकट्याने ऐक. मग शिव्या द्यायला का होईना, फोन कर. मी उचलेन.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
अभय