पुरावा अपुरा

३ फेब्रुवारी, स्टुटगार्ट
लागली बाई एकदाची नोकरी! लग्न करून इथे आल्यापासून हृषिकेश रोज झिंडेलफिंगेनला कारखान्यात जायचा आणि मी घरात भिंती बघत बसायचे. आता मी चक्क म्युझियममध्ये आहे. नाझींनी ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रं मुळात कोणाची, ते शोधून कॉम्प्युटरवर नोंदवायचं. पहिलंच चित्र इतकं गोड आहे! आई, बाबा, मुलगा आणि चिमुकली मुलगी जेवायला बसलेत. ती चिमुकली अजून हयात आहे. नव्वदी ओलांडलेल्या आजी, चित्र परत मागताहेत. फोनवर म्हणाल्या की घरच्यांचे चेहरे आता तेवढ्या चित्रातच उरलेत.

१३ फेब्रुवारी
आमचे साहेब, हेर डिंकेल, यांना चित्राची खरेदीपावती हवी. अहो, घरच लुटून नेलं, पावती कुठून आणायची त्यांनी? खूप भांडले. पण त्यांचं एकच, नियम म्हणजे नियम, ‘गेनाऊ’, अगदी बरोबर! शेवटी ‘पुरावा अपुरा’चं बटण दाबलं. निघताना पाहिलं तर चित्रातल्या बाबांची खुर्ची रिकामी. हृषिकेश म्हणाला, डोळे तपासून घे.

२० फेब्रुवारी
आजींनी शेजाऱ्यांची जुनी साक्ष पाठवली. साहेबांना आता त्यावर शिक्का हवा. नुसते कागदी घोडे! डोकं फिरलंय माझं. पुन्हा तेच बटण दाबलं आणि चित्रातली आई गेली. तिच्या ताटातून अजून वाफ येतेय. साहेबांना ओढत नेऊन दाखवलं. ते म्हणे, चित्रात पहिल्यापासून दोन मुलंच आहेत. चित्राचा जुना फोटो शोधून काढला. त्यातही दोघंच.

२६ फेब्रुवारी
दाबणार नाही म्हटलं. साहेब शेजारी उभे राहिले. दाबलं. मुलगा गेला.
आजींना फोन करून भावाचं विचारलं. म्हणाल्या, मला भाऊ नव्हताच.
हे मी केलंय. मी.
पोरगी एकटीच बसलीय. पुढच्या वेळी—

२८ फेब्रुवारी
मेले तरी दाबणार नाही. कॉम्प्युटर बंद. चित्रासमोरच बसलेय, आजी फोनवर आहेत. बोलत राहा, थांबू नका म्हटलंय—
पोरगी खुर्ची मागे सरकवतेय.
अगं बस गं, बस! मी हात लावलेला नाही—
साहेबांनी दाबलं. वरच्या मजल्यावरून, त्यांच्या कॉम्प्युटरवर—
फोनवर आवाज येत नाही.
चारही खुर्च्या— कोण बसायचं इथे? आजी. हो, आजी. विसरायच्या आत लिहून ठेवते. त्यांचं नाव