खड्ड्याला कमी पडलेली माती

मु. गुंद, ता. जोयडा

तीर्थस्वरूप गणपती दाजींस म्हादूचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि रुक्माअक्काचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. गेल्या महिन्यात मी आलो तेव्हा तुम्ही गुडघा दाखवायला कारवारला गेला होतात. अक्काने सगळं सांगितलं असेल, पण माझी बाजू सांगितली नसेल, म्हणून हे पत्र. (फोनला रेंज टेकडीवरच मिळते, आणि तिथे फॉरेस्ट गार्ड मारुती आधीच उभा असतो.)

समुद्राकाठची जमीन सरकारी जंगल लावायला योग्य आहे का, हे ठरवायला खात्याने मला जीपमधून तुमच्याच दारात आणलं, यात माझा दोष नाही. तीस वर्षं रोपं लावलेला अनुभवी माणूस हवा, असं आमच्या वनखात्याच्या अधिकारी नेत्रा मॅडम म्हणाल्या. (अनुभवी म्हणजे त्यांनी 'योग्य' लिहिल्यावर खाली सही करणारा, हे वाटेत कळलं.) आणि जमीन निघाली तुमचा रताळ्यांचा पट्टा! कागदावर सरकारचा, पण तीन पिढ्या रताळी तुमची. सरकारने कुंपण घातलं की अक्का टोपली घेऊन बाहेर उभी. माझ्या बापाच्या नाचणीच्या उतारावरही असंच कुणीतरी 'योग्य' लिहिलं होतं. तिथे आता साग आहे, आणि आम्ही आत गेलो तर चोर.

म्हणून मी म्हटलं, तपासणी आमच्या पद्धतीने होईल. गुंदात नवी जमीन धरताना हातभर खड्डा खणतात, घटकाभर थांबून तीच माती परत भरतात. उरली तर जमीन बळकट, कमी पडली तर कुचकामी. मॅडमनी हे कौतुकाने लिहून घेतलं. मी हद्दीच्या टोकाला, पाण्याच्या बाजूला खणलं (तिथली वाळू मऊ, कंबर माझी आहे, खात्याची नव्हे) आणि आम्ही तुमच्याकडे जेवायला गेलो. अक्काने त्याच पट्ट्यातली रताळी उकडून वाढली, मॅडमनी तीन खाल्ली. परत येतो तर मातीचा ढीग गायब! आमच्या डोंगरात पाणी वरून येतं, आडवं येऊन माती उचलून नेत नाही. मागून अक्का ओरडली, "आरं म्हाद्या, अमाशा हाय आज! भरतीच्या तोंडाला ढीग घालत्यात व्हय?"

मॅडम म्हणाल्या, समुद्राने नेलेली माती धरायची नाही. मी म्हटलं, माती कुणी नेली हे आमच्यात विचारत नाहीत; कमी पडली म्हणजे पडली. रोजंदारी बंद करा, पण 'योग्य'खाली सही करणार नाही. शेवटी 'येथे गवताची काडीही रुजणार नाही' असं स्वतः लिहून सही ठोकली. अक्षरही चांगलं आलं. माझ्या बापाच्या वेळी हे कुणी केलं नाही, मी केलं.

अक्काला सांगा, तिचा भाऊ एकदा तरी शहाण्यासारखा वागला.

तुमचा,
म्हादू

ता.क. मॅडम येत्या गुरुवारी पुन्हा पाहणीला येणार आहेत. नमुन्याला आणलेली सुरूची पाच रोपं परत न्यायचा कंटाळा म्हणून मी रताळ्यांच्या बांधावर खोचली होती. काल टेकडीवर अक्काचा फोन लागला, पाचही रुजली म्हणे, नवे कोंब आलेत. (शेजारी मारुती कान देऊन उभा, म्हणून मला "वा, मुलगा की मुलगी?" असं विचारावं लागलं.) बुधवारच्या आत सगळी उपटा.

ता.क. दुसरा. चारच उपटा. पाचव्यावर गुरुवारपुरती टोपली पालथी घाला. तीस वर्षांत हजारो झाडं लावली, सगळी सरकारची. एक तरी अक्काच्या बांधावर असू दे.