शेवाळाचं सार

ग्वांगजू, २३ जुलै १९७६

चि. ओक्बुन हिस दादाचे अ. आ. वि. वि.

तुझी कन्या आणि तुझी वाळवलेल्या समुद्री शेवाळाची जुडी, दोन्ही सुखरूप पोचल्या. कन्येला बोट लागली, जुडीला नाही. जुडी एवढी लांब की माझ्या एकट्याच्या स्वयंपाकघरात ती मावते आणि मी बाहेर उभा राहतो.

सोल्ही उन्हाळी वर्गात रमली आहे. ज्या महिन्यात विधात्याने पोहणे निर्माण केले, त्याच महिन्यात आम्ही तेरा-चौदा वर्षांची पोरे पंख्याखाली डांबून त्यांना गणित आणि निबंध शिकवतो. चिनी अक्षरांचा छळ माझ्याकडे आहे. पोरगी हुशार आहे, म्हणजे मामावर गेली आहे.

आता शास्त्रार्थ. तू लिहितेस, सात ऑगस्टला सोल्हीचा वाढदिवस, रिवाजाप्रमाणे शेवाळाचं सार करून घाल. पण पहिल्या तुकडीची निवडचाचणी नेमकी त्याच सकाळी आहे. त्या तुकडीत आली तर तिचा पुढचा रस्ता मोकळा. आणि परीक्षेच्या दिवशी शेवाळ? ते बुळबुळीत, खाणारा परीक्षेत घसरतो, हे मला कुणी शिकवलं? माझ्या परीक्षेच्या सकाळी शेजारी सार शिजत होतं, तर तू माझ्या नाकावर फडका धरलास. अर्धा रस्ता मी तसाच चाललो. तेव्हा चाचणीपर्यंत जुडी फळीवरच राहील. सार तिने घरी येऊन तुझ्याच हातचं खावं.

मेहुण्यांची होडी परतली का, ते कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

ह्योंगजिक

—

चोंगसान बेट, २९ जुलै

ती. दादास ओक्बुनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले. हसताना दुखलं, म्हणून बेताने हसले. पित्त वाढलंय, हल्ली पेजेवर असते. बारीक झालेय, ते सोल्हीला कळवू नकोस. उगाच अभ्यासातून लक्ष उडेल. हे अजून लांब समुद्रातच आहेत.

फडक्याचं खरं आहे. पण यंदा माझं ऐक. सार सातलाच कर. चाचणी काय, पुढच्या वर्षीही असते. यंदा माझ्या हातून एवढी एकच जुडी वाळली, बाकीचं सगळं शेजारच्या वहिनींनी केलं. शेवाळ भिजवून तिळाच्या तेलात परतायचं, मग पाणी. मीठ शेवटी, तुझा हात सैल आहे.

आणखी एक. सप्टेंबरपासून तिचं नाव तिकडच्या शाळेत घालता येईल का? का, ते विचारू नकोस. विचारलंस तर मी काहीतरी खोटं सांगेन आणि तू ओळखशील.

माया अशीच ठेव, थोडी तिच्यासाठीही काढून ठेव.

ओक्बुन

—

ग्वांगजू, ८ ऑगस्ट

चि. ओक्बुन हिस अ. आ.

आज्ञाभंग झाला आहे, पण फलश्रुती ऐक. सोल्ही पहिल्या तुकडीत आली. सार नाही, यशाला चिकटून राहावी म्हणून तांदळाच्या पाकाची चिकट वडी दिली. अशी चिकटली की पोरीला वर्गात हजेरी देता येईना.

सकाळी वाडग्यात नुसता भात बघून तिने फळीवरच्या जुडीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, घरी गेल्यावर आई करेलच ना. मी म्हटलं, करेल नाहीतर काय, तुझ्या आईला दुसरा उद्योग काय आहे.

शाळेत नाव घालण्याची चौकशी करतो. बेटावरच्या मास्तरांशी भांडलीस वाटतं? पित्तासाठी आल्याचा काढा घे. वर्ग चौदाला संपतो, पंधराच्या बोटीने कन्या आणि जुडी दोन्ही परत करीत आहे. पोच द्यावी.

तुझा विजयी दादा

—

चोंगसान बेट, १६ ऑगस्ट

ती. मामांस सोल्हीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, पित्त नाही. वसंतात वांडोच्या डॉक्टरांनी आईला पोटातली गाठ सांगितली होती. ते शेजारच्या मामींनाच माहीत होतं. धक्क्यावर मला घ्यायला त्याच आल्या.

आईला उठवत नाही. तिने पडल्या पडल्या सांगितलं आणि मी सार केलं, अर्ध्या जुडीचं. वाढल्यावर ती म्हणाली, हे सार काही वाढदिवसाच्या पोरीचं नसतं, तिला जन्म देणाऱ्या बाळंतिणीचं असतं, पोरी फुकटच्या वाटेकरी. म्हणून मी तिलाच भरवलं. दोन चमचे गेले. तिसरा ओठांवरून परत आला. घसरतं म्हणून त्याला सगळे एवढे भितात, मामा. तिच्या घशातून तेही खाली घसरेना.

पहिल्या तुकडीचं तिने तीनदा सांगायला लावलं.

तुम्हाला कळवू नको म्हणाली आहे. हे पत्र मिळताच पहिल्या बोटीने या. बाबांना तार केली आहे.

सोल्ही

—

ग्वांगजू, १८ जुलै १९७७

चि. सोल्ही हिस मामाचे अ. आ. वि. वि.

आई गेल्यावर तू बाबांपाशी राहिलीस, ते बरं केलंस. पण उन्हाळी वर्ग बावीसला सुरू होतो आहे आणि चिनी अक्षरं तुझी वाट बघत आहेत. ती बिचारी अजून कुणाला आलेली नाहीत.

आमच्या संचालकांनी यंदाही चाचणी सात ऑगस्टलाच ठेवली आहे. तारीख बदला म्हणून गेलो, तर म्हणाले, सर, तुमच्यासारख्या पंडिताने असल्या खुळ्या समजुती मानाव्यात? मी म्हटलं, मानत होतो.

हिवाळाभर सार शिकतो आहे. सराव बाजारच्या शेवाळावर केला. अजून खारट होतं, तुझी आई म्हणायची तसा हात सैल आहे. तिच्या हातची उरलेली अर्धी जुडी येताना घेऊन ये. मोडू नकोस, लांबच्या लांब आण.

चाचणी नऊला आहे. त्याआधी दोन वाडगी मांडीन. तुझं तू संपवायचंस. दुसऱ्याला हात लावायचा नाही, ते बाळंतिणीचं, तुझा वाटा त्यात नाही.

मग खुशाल चाचणीला जा. घसरलीस तर घसरलीस, खाली मी उभा आहे.

बाबांना नमस्कार. गेल्या वर्षीच्या सारावरून आमच्यावर धरलेला राग संपला असेल तर लोभ धर.

तुझा मामा
ह्योंगजिक