चातीवरच्या तीन खाचा

आष्टी, ९ डिसेंबर १९५३

आज मिस्त्रीने माझ्या तीन गिअरच्या विलायती सायकलच्या मागच्या चाकाचं हब उघडलं. गिअर निसटत होता. नागपूरहून मागवलेली नवी खीळ जुनीशी ताडून पाहत तो म्हणाला, "मास्तर, हे जुनी खीळ कंपनीची नाई. कोणीतरी चरख्याची चाती कापून बसवली."

त्या तुकड्यावर तीन खाचा होत्या. मी तो खिशात टाकला.

सामुदायिक कताईत अदलाबदल होऊ नये म्हणून बाबा आपल्या चातीवर, सूत गुंडाळणाऱ्या लोखंडी सळईवर, तीन खाचा पाडतात. म्हणजे त्यांचीच. मॅट्रिकच्या वर्षी मामांनी ही सायकल दिली तेव्हा विलायती म्हणून बाबांनी तिला अंगणात येऊ दिलं नाही. तेव्हापासून ती कुंपणाबाहेर उभी असते आणि घरात कोणी तिचं नाव काढत नाही. परीक्षेच्या तोंडावर गिअर बिघडला आणि दोन दिवसांत सुधारला. मला वाटलं, मामांनी करवून घेतला. त्याच आठवड्यात आईने बाबांच्या हरवलेल्या चातीसाठी घर पालथं घातलं होतं. बाबांनी मात्र शोधायचं मनावर घेतलं नव्हतं. मला तेव्हा कसं सुचलं नाही? आणि नंतर इतकी वर्षं?

संध्याकाळी बाबा कातत बसले होते. मी तो तुकडा त्यांच्या कापसाच्या पेळूंजवळ ठेवला. त्यांनी चरखा थांबवला, तिन्ही खाचांवरून अंगठा फिरवला.

"नव्या खिळीले तेल देजो," मान वर न करता म्हणाले. मग पुन्हा चरखा फिरवत, "आन् बाहेर काऊन ठेवली? दव पडते. आत घे."