तिसऱ्या मजल्यावरची कप्पी

औरंगाबाद,
२१ एप्रिल २०१३

तीर्थरूप दादांस,

श्रीरंगचा नमस्कार. (साष्टांग म्हणवत नाही, कारण उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि बाकीच्या अंगांचीही आज वाकायची तयारी नाही.) अक्षर दमयंतीचं आहे, मजकूर माझा. मी गॅलरीतल्या खुर्चीत बसून सांगतोय, ती आत टेबलाशी लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि ते निम्मं तुम्ही वहिनींना वेगळंच सांगता. तुमचा रक्तदाब आणि वहिनींची कंबर कशी आहे ते सवडीनं कळवा. पैठणला उन्हाळा कसा आहे हे मात्र विचारत नाही. धरणाचा तळ उघडा पडल्याचा फोटो रोज पेपरात येतो, आणि त्याच तळाचं पाणी पाईपातून इकडं येत असल्यामुळं तुमच्याकडं काय चाललंय ते आमच्या नळाला आपोआप कळतं.

आता हाताची हकिकत. आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही खालच्या दोन मजल्यांपुरतं. तिसऱ्या मजल्यावर तोटी उघडली की नुसती हवा येते, एखाद्या थकलेल्या माणसानं सुस्कारा टाकावा तशी. आम्ही हे घर घेतलं तेव्हा मागं ज्वारीचं रान होतं, तुम्ही वास्तुशांतीला आलात तेव्हा हुरड्याची चौकशीही केली होती. आता तिथं सात-सात मजल्यांच्या चार इमारती आहेत, प्रत्येकीची स्वतंत्र बोअर आहे आणि आमची बोअर फेब्रुवारीतच आटली. दिवसाआड सकाळी नऊला फाटकाशी टँकर येतो, वीस-पंचवीस मिनिटं थांबतो आणि निघून जातो. तेवढ्यात जो तो आपापलं पाणी आपापल्या जिन्यानं वर नेतो. आमचं पाणी दमयंती नेत होती, कारण दोन वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या ऑपरेशनपासून मला वजन घेऊन जिना चढायची मनाई आहे. मार्चमध्ये तिचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, जिना दिवसातून एकदाच. मग राहिलं कोण?

राहिलं विज्ञान. दादा, मी एकोणतीस वर्षं सातवीच्या वर्गाला साधी यंत्रं शिकवली. तरफ, कप्पी, उतरण, चाक आणि आस. फळ्यावर इतक्या कप्प्या काढल्या की त्या सगळ्या खऱ्या असत्या तर दौलताबादचा किल्ला उचलून बाजूला ठेवता आला असता. पण खरी कप्पी मी त्या एकोणतीस वर्षांत एकदाही हातात धरली नव्हती, हे मला शहागंजातल्या दुकानात ती हातात घेतल्यावर कळलं. जड असते.

पहिल्या दिवशी गॅलरीच्या वरच्या हुकाला एक कप्पी टांगली, दोर सोडला, खाली वीस लिटरची रंगाची बादली बांधली. खाली बादल्या भरून द्यायला दुसऱ्या मजल्यावरचे आप्पासाहेब उभे होते. (हे मूळचे देवगाव रंगारीचे, तिकडं शेती आहे, कंपनीतून निवृत्त झालेत. आमच्या बरोबर खाली राहतात, हे पुढं महत्त्वाचं आहे.) आता एका कप्पीनं बळ वाचत नाही, फक्त दिशा बदलते, हे मी किती मुलांना पाठ करायला लावलं असेल! वीस किलोची बादली वीस किलोच राहते, वर उचलण्याऐवजी खाली ओढायची एवढंच. दोन बादल्यांत माझे खांदे भरून आले. आप्पासाहेबांनी खालून ओरडून विचारलं, "मास्तर, लई दम लागला का? मी येऊ व्हय वर?" मी म्हटलं, नको, आकृतीत सुधारणा करतो.

सुधारणा म्हणजे बादलीबरोबर वर-खाली होणारी दुसरी कप्पी. त्यानं बळ निम्मं लागतं, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. मग चार कप्प्या केल्या. ओढायला बादली अगदी हलकी झाली, पाच किलोची म्हणा ना, पण तीस फूट बादली वर यायची तर एकशेवीस फूट दोर गॅलरीत जमा व्हायला लागला. तो माझ्या पायात, तुळशीत आणि वाळत घातलेल्या धोतरात अडकला. तिसरी बादली निम्म्यावर असताना टँकर निघून गेला. मी दोराच्या ढिगाऱ्यात बसून राहिलो. बळ वाचवलं की अंतर वाढतं, काम तेवढंच राहतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत असे. दादा, त्याचा अर्थ मला यंदाच्या एप्रिलात कळला. (यावर तुम्ही वहिनींकडं बघून हसाल. हसा.)

मग बद्रीनाथकडं गेलो. हा माझा विद्यार्थी. मुकुंदवाडीला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. सातवीत विज्ञानात त्याला शंभरपैकी नऊ गुण मीच दिले होते. त्यानं एका दुपारीत लोखंडी चौकट, तिच्यात दोर गुंडाळायचा लाकडी रूळ, रुळाला सायकलचं मोठं चक्र, दांड्याला लहान चक्र आणि दोन्हींवर साखळी, असा रहाट करून दिला. दांडा अडीच वेळा फिरवला की रूळ एकदा फिरतो, दोर पायात येत नाही, चार कप्प्यांची गरज नाही. निघताना तो म्हणाला, "सर, याला कुत्ते बसवू का? नाय तर उलटं फिरंल." कुत्ते म्हणजे सायकलच्या मागच्या चाकात असतात ते खटके, ज्यांच्यामुळं चक्र एकाच दिशेला ओढ घेतं. मला ते कळलं नाही असं नाही. पण नऊ गुणांच्या मुलानं मला सुचवावं, हे जरा खुपलं. मी म्हटलं, दांडा माझ्या हातात आहे, खटक्याची काय गरज? त्यानं मान डोलावली आणि हत्यारं आवरली. वर्गातही अशीच मान डोलवत असे.

पहिले तीन टँकर रहाटानं उत्तम काम केलं. एका सकाळी तर फिरवण्याच्या नादात मोजायचं भान राहिलं नाही, पण पिंप काठोकाठ भरलं, म्हणजे हिशेबानं अकरा बादल्या वर आल्या, आणि मी दमयंतीला म्हटलं, आता तू जिन्याला हात लावू नकोस. माझ्या आयुष्यात इतकं समाधान मला क्वचित मिळालंय. त्या समाधानात मी चाळीस लिटरचा कॅन आणला.

मागच्या मंगळवारी कॅन गॅलरीच्या कठड्याशी येऊन टेकला. आता त्याला आत ओढायचं तर एक हात दांड्यावरून काढावा लागणार. मी काढला. दुसऱ्या हाताला घाम होता. पुढचं फार लवकर झालं. कॅन खाली निघाला, रूळ उलटा फिरला आणि दांडा रुळाच्या अडीच पट वेगानं फिरू लागला. (गणित बरोबर होतं, एवढं नोंदवतो.) तिसऱ्या फेऱ्यात तो माझ्या मनगटावर बसला. (इथं यांनी उच्चारलेला एक शब्द मी लिहिलेला नाही. दमयंती.) कॅन आप्पासाहेबांच्या खिडकीवरच्या पत्र्यावर आदळून फुटला. त्या पत्र्यावर त्यांच्या मंडळींच्या, म्हणजे आशाबाईंच्या, कुरडया वाळत होत्या. असल्या दुष्काळात तीन दिवस गहू भिजवून, पाणी वाचवून वाचवून केलेल्या. चाळीस लिटर पाण्यानं त्यांचा पुन्हा चीक झाला आणि तो भिंतीवरून खाली ओघळला.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा मला मनगटापेक्षा त्यांचीच भीती वाटली. आशाबाई दारात आल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या कुरडया..." त्या म्हणाल्या, "कुरडयाचं राहू द्या, मास्तर. हात दाखवा आधी. लई सुजलाय की हो!" आणि त्यांनी पदराची किनार फाडून हात बांधला, आप्पासाहेबांनी स्कूटरवर दवाखान्यात नेलं. दुखण्यानं नाही आलं ते पाणी माझ्या डोळ्यांत त्या किनारीनं आलं. सहा आठवडे प्लास्टर आहे.

असो. मी हार मानलेली नाही. चिरंजीव हिमांशू पुण्याहून रोज म्हणतो, घर विका आणि इकडं या. मी त्याला सांगितलंय, हे घर मी जिना चढून घेतलंय, पाण्यासाठी उतरणार नाही. थोड्या दुरुस्तीनंतर रहाट पुन्हा सुरू होईल. वहिनींना नमस्कार, घरातल्या धाकट्यांच्या डोक्यावर डावा हात.

आपला,
श्रीरंग

ता. क. : तुमच्या परसातल्या विहिरीवरची जुनी लोखंडी कप्पी पडून असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवावी. बाजारातल्या तकलादू असतात.

ता. क. : हिमांशूला हात फक्त मुरगळलाय असं सांगितलंय. तुम्हीही तेच सांगावं.

ता. क. : दादा, सौ. दमयंतीचा नमस्कार. हे आता झोपलेत, म्हणून माझं लिहिते. कप्पी पाठवू नका. हिमांशूला मी त्याच दिवशी खरं सांगितलंय. आणि त्या अकरा बादल्यांपैकी चारच रहाटानं आल्या. हे दांडा फिरवत असताना बाकीच्या सात मी आणि आशाबाईंनी जिन्यानं आणून पिंपात ओतल्या. हे इतके खूश होते की मला सांगवलं नाही.

तळमजल्यावरचे भाडेकरू मे महिन्यात जातायत. ते घर आप्पासाहेबांच्या चुलत भावाचं आहे, तो आम्हाला द्यायला तयार आहे. मी आणि आशाबाई जाऊन बघून आलो. तिथला नळ जमिनीपासून हातभर उंचीवर आहे आणि पाचव्या दिवशी का होईना, त्याला आपसूक पाणी येतं. पण हे माझ्यासाठी उतरणार नाहीत, कारण माझ्यासाठी काहीतरी करून दाखवायची यांची हौस अजून फिटलेली नाही. स्वतःसाठी तर नाहीच. तुमचा शब्द मात्र यांनी आजवर मोडलेला नाही. तेव्हा तुम्ही असं लिहा की आता तुम्हाला तीन मजले चढवत नाहीत, आणि यांनी खाली घर घेतल्याशिवाय तुम्ही औरंगाबादला येणार नाही. जरा रागावून लिहा. माझं नाव नको, गुडघ्याचंही नको, नाहीतर हे पुन्हा दोर आणतील.

पत्र आलं की मीच वाचून दाखवीन, आणि ऐकून यांच्याइतकीच चकित होईन.