गोल बटण आणि इतर अकरा तक्रारी

३ मार्च, सोमवार. सकाळी

नवी वही, नवी गाडी. वहीत फक्त सत्य लिहायचं. कुणी वाचणार नाही, तेव्हा स्वतःची बाजू मांडायची गरज नाही. (बाजू माझीच बरोबर असते, तो भाग वेगळा.)

गाडी हायब्रिड पिकअप. पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते, मागे ट्रेलर जोडला तर तोही ओढते. रोज भाजीला तीच आणि ओझ्यालाही तीच. शोरूममधला टायवाला म्हणाला, काका, एका गाडीत दोन गाड्या. मी म्हटलं, बघू.

ट्रेलर लेकीचा. कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून ती फिरतं शिवणदुकान काढतेय. दोन मशिनं, कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल, सगळं चाकांवर. मोठ्या इस्पितळाच्या आवारात जागा मिळाली आहे. नर्सबाईंचे गणवेश आखूड करा, डॉक्टरांचे कोट सैल करा, काम मरणाचं आहे. अट एकच. २८ एप्रिलला सकाळी आठच्या आत ट्रेलर जागेवर उभा पाहिजे. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. तो किल्ल्या बनवणारा आहे.

तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, त्याच्या एकोणीस वर्षांच्या डिझेल पिकअपने ट्रेलर नेऊन द्यायला तयार होता. वर सगळ्यांसमोर म्हणाला, भावोजींनी फक्त हात हलवून टाटा करावा. त्याच आठवड्यात मी ही गाडी बुक केली. या वहीत त्याचं नाव डिझेल.

संध्याकाळी

गाडीबरोबर पुस्तिका आली आहे. पाचशे चौदा पानं. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, एकाही लिफ्टचं पुस्तक उघडलं नाही. यंत्राला हात लावला की ते माझ्याशी बोलतं. पुस्तिका ड्रॉवरमध्ये.

तक्रार क्र. १: रेडिओखालचं गोल बटण कितीही फिरवा, आवाज वाढत नाही. पहिल्याच दिवशी!

६ मार्च, गुरुवार

तक्रार क्र. २: गाडीला आवाज नाही. सिग्नलला उभी राहिली की मेल्यासारखी गप्प. बंद पडली समजून मी चालू करायचं बटण दाबलं. त्याने म्हणे ती बंद झाली. पुन्हा दाबलं. चालू झाली, पण आवाज नाही म्हणून परत दाबलं. सिग्नल तीनदा हिरवा होऊन गेला. मागचे लोक हॉर्नवर झोपले होते. वाहतूक पोलीस खिडकीशी वाकला आणि म्हणाला, काका, ती चालूच आहे, तुम्हीच तिला धड झोपू देत नाही, धड उठू देत नाही.

यंत्राने आवाज केला पाहिजे. लिफ्टसुद्धा कुरकुरते. गप्प यंत्र म्हणजे मनात काहीतरी काळंबेरं.

१२ मार्च, बुधवार

कंपनीतून एका मुलीचा फोन. म्हणाली, मालक किती समाधानी आहेत ते विचारतोय, दहापैकी किती देणार? दोन, म्हणालो. एक चाकांसाठी, एक रंगासाठी. काही सुचवायचंय का, म्हणाली. मी बावीस मिनिटं सुचवलं. शेवटी म्हणाली, काका, पुस्तिका बघितलीत का. मीच फोन ठेवला.

१६ मार्च, रविवार

ट्रेलर तयार. जोडला. पुढे जाताना गाडीने निमूट ओढला, चढावरही. याला समाधान म्हणत नाहीत. ओढण्यासाठीच घेतलेल्या गाडीने ओढलं तर आरती ओवाळायची का? शिवाय ट्रेलर लावल्यावर तेवढंच पेट्रोल निम्म्या रस्त्यात पिऊन संपवतेय. टायवाल्याने हे सांगताना टाय नीट करायला घेतला होता, आता आठवतंय.

बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या मैदानात रिव्हर्सचा सराव. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तर ट्रेलर डावीकडे. डावीकडे फिरवलं तर उजवीकडे. सरळ धरलं तर काटकोनात मुडपला आणि मागचा दिवा गेला.

कारण सापडलं. बॅटरी मागच्या सीटखाली आहे. एवढं मोठं विजेचं गाठोडं, त्याचा ओढा ट्रेलरच्या लोखंडावर पडणारच. तक्रार क्र. ५.

हिने, म्हणजे बायकोने, विचारलं, अहो, सगळ्याच ट्रेलरचं तसं असतं ना? मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं. ही ड्रॉवरमधून पुस्तिका घेऊन बसली. ही औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते. वाचू दे. लवकर झोप लागेल.

२२ मार्च, शनिवार

ही मला न विचारता गाडी घेऊन दोरे आणि बटणं आणायला गेली. परत येऊन दोन स्कूटरच्या मधे गाडी अशी लावली की शेजारचे निवृत्त मास्तर गॅलरीतून टाळ्या वाजवत होते. म्हणाले, वहिनी, वा! मी त्या जागेत गाडी लावतो तेव्हा ते कायम डोळे मिटून उभे असतात.

नशीब. दोन्ही स्कूटर जरा लांब होत्या.

ही म्हणते गाडी छान आहे. सिग्नलला शांत वाटतं, म्हणे. घरात एकमत नाही.

२ एप्रिल, बुधवार

इस्पितळाच्या आवाराची पायी पाहणी. आमची जागा भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधे. दुकानाची खिडकी आवाराकडे यायला हवी, म्हणून ट्रेलर मागेच घ्यावा लागणार. दुसऱ्या वाटा शोधल्या. भिंत पाडता येईल का, असं सहज विचारलं. वॉचमनने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, आजोबा, आत अपॉइंटमेंट आहे का तुमची?

फाटकापाशी किल्लीवाला आपल्या छोट्या व्हॅनमध्ये बसला होता. रोज येतो म्हणे. हसून म्हणाला, काही घाई नाही काका, होईल तुमचं. असा गोड माणूस मला आवडत नाही.

निश्चय: उद्यापासून रोज एक तास सराव.

११ एप्रिल, शुक्रवार

सराव तीन दिवस झाला. मग पाठ धरली. सीटचा दोष, तक्रार क्र. ९.

आज सर्व्हिस सेंटर. बारा तक्रारींचा कागद टेबलावर आपटला. मेकॅनिकने शांतपणे वाचला. म्हणाला, रेडिओचा आवाज स्टिअरिंगवरच्या बटणांनी वाढतो. दाबून दाखवलं. बातम्या सांगणारी बाई एकदम ओरडायला लागली. मग म्हणाला, आणि काका, ते गोल बटण आहे ना, ते— मी हात वर केला. कळलं, म्हणालो. जुन्या मॉडेलचं बटण काढायचं राहून गेलंय, नुसतं शोभेला. चाळीस वर्षं यंत्रांत काढलीत, मला शिकवू नका. त्याने कागदाची घडी करून परत दिला. निरुत्तर झाला बिचारा.

घरी ही म्हणाली, अहो, पान दोनशे बारावर त्या बटणाचं— मी म्हटलं, झालं माझं मेकॅनिकशी बोलणं.

२० एप्रिल, रविवार

रंगीत तालीम, आमच्याच गल्लीत. लेक होती, डिझेल होता. त्याला कुणी बोलावलं ते कळलं नाही.

मास्तरांच्या तीन कुंड्या. त्यांच्या भिंतीचा कोपरा. ट्रेलरची एक बाजू चेपली, आतून इस्त्रीचं टेबल घसरल्याचा आवाज आला. डिझेल मागून हात हलवत ओरडत होता, भावोजी, उलटं! अहो, उलटं! अजून उलटं! त्याच्या ओरडण्यानेच झालं सगळं.

लेक चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवत उभी राहिली. मग मामाला म्हणाली, मामा, अठ्ठावीसला सकाळी मोकळा आहेस का?

मी म्हटलं, तो येणार असेल तर मी येणार नाही. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, माझं दुकान लागायला हवंय की तुम्हाला मामाला हरवायचंय? तेवढं एकदा ठरवा.

कार्टीला आयुष्यभर काय काय दिलं ते आठवत बसलो. यादी मोठी आहे.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी ही लेकीचा मापाचा टेप घेऊन गाडी आणि ट्रेलर यांच्यातलं अंतर मोजत होती. आकडे कागदावर. मग ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक कागद चिकटवला. पडदे शिवायचे असतील. शोभेची हौस दांडगी.

नंतर ट्रेलर जोडूनच बाहेर गेली. म्हणाली, टायरमध्ये हवा भरून आणते. हवा भरायला दीड तास! परत आली तर चपलांना कौलांची लाल भुकटी. विचारलं नाही. मला माझी चिंता आहे.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी

एक छोटीशी सोय केली. डिझेलला फोन करून कळवलं की इस्पितळाने तारीख एक दिवस पुढे ढकलली आहे, मंगळवारी ये. खोटं म्हणता येणार नाही. इस्पितळं तारखा ढकलतातच.

उद्या पहिल्या झटक्यात घेणार. लेकीने बघितलं पाहिजे. डिझेलने मंगळवारी येऊन बघितलं पाहिजे.

२८ एप्रिल, सोमवार. ६.१०

आवारात पोहोचलो. मी गाडीत, ही शेजारी, लेक मागे स्कूटरवर. जागेवर लावायला डिझेल येणार होता, तो दिसत नाही; लेकीला म्हटलं, तोवर मीच घेतो. हवा छान. आत्मविश्वास भरपूर.

६.५५

चार प्रयत्न. टाकीच्या नळाची तोटी गेली. नळ आधीच सैल होता.

७.२०

आठ प्रयत्न. रात्रपाळीच्या नर्सबाई घरी जायच्या थांबून बघताहेत. एक दुसरीला म्हणाली, कालच्या पेशंटपेक्षा यांचा बीपी जास्त असेल. किल्लीवाल्याने व्हॅन चालू केली आहे. ही म्हणाली, मी बघू का? म्हटलं, बस गप्प.

७.३८

लेकीने मामाला फोन लावला. स्पीकरवर. तो अर्धवट झोपेत म्हणाला, अगं, मंगळवारी ना? भावोजींनीच तर सांगितलं, तारीख ढकलली म्हणून.

लेकीने फोन खाली केला. माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या लहानपणी तिची सायकल चोरीला गेली तेव्हा कुलूप लावायला मी विसरलो होतो, त्या दिवशी असंच बघितलं होतं.

७.४४

ही म्हणाली, उतरा. मी उतरलो. आमच्या संसारात आवाज चढवायचं काम माझं. हिने चढवला नव्हता, तरी उतरलो.

हिने चष्मा पुसला, आरशात बघितलं, आणि ते शोभेचं गोल बटण धरून हळूहळू फिरवू लागली. स्टिअरिंगला हातसुद्धा नाही. ते आपोआप फिरत होतं. दांडीवरचा चौकटींचा कागद मागच्या कॅमेऱ्याला ट्रेलर कुठे वळतोय ते दाखवतो, पान दोनशे बारा, ही म्हणाली. हिने बटण डावीकडे वळवलं, ट्रेलर डावीकडे. उजवीकडे वळवलं, उजवीकडे. कपाटात ड्रॉवर सरकावा तसा ट्रेलर भिंत आणि टाकीच्या मधे गेला. गाडीला आवाज नाही. आवारात कुणालाच आवाज नाही.

७.५१

लागला. वॉचमनने वहीत वेळ लिहिली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. किल्लीवाल्याने व्हॅन बंद केली आणि येऊन लेकीला सांगितलं, ताई, माझा कोटही उसवलाय. लेक हिच्या गळ्यात पडली.

मी गाडीत शेजारच्या सीटवर बसून हे लिहितोय. वहीत फक्त सत्य लिहायचं ठरलं होतं. बॅटरीला ओढा नव्हता.

३० एप्रिल, बुधवार

लेक दोन दिवस बोलली नाही. आज पँट घेऊन गेलो. खिडकीसमोर रांग होती. रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर म्हणालो, पायात येते, आखूड करायची आहे, आणि चूक माझी आहे. तिने टेप काढला, माप घेतलं, खडूने खूण केली. म्हणाली, शुक्रवारी मिळेल. मग मान वर न करता म्हणाली, चहा घेऊन जा, थर्मासमध्ये आहे.

तोटी बसवून दिली. मास्तरांना तीन कुंड्या नेऊन दिल्या. डिझेललाही फोन केला. तो इतका हसला की काही सांगावंच लागलं नाही.

किल्ल्या ही आता स्वतःकडेच ठेवते.

५ मे, सोमवार

कंपनीच्या मुलीचा फोन. मी घसा साफ करून वही उघडली, तर म्हणाली, गाडी रोज चालवतात त्यांच्याशी बोलायचंय. हिला दिला.

ही म्हणाली, रोजच्या कामाला उत्तम, ओढायला उत्तम, पुस्तिका फार छान लिहिली आहे. दहापैकी नऊ. मुलीने विचारलं असावं की एक मार्क का कापला. ही म्हणाली, चालवताना शेजारच्या सीटकडून सारखा आवाज येतो.

आवाज? या गाडीला? माझी तक्रार क्र. २ हीच की आवाज नाही!

६ मे, मंगळवार. सकाळी

ही गाडी चालवत लेकीच्या दुकानावर निघाली. मुद्दाम शेजारच्या सीटवर बसलो. तोंड मिटून, कान लावून, थेट इस्पितळापर्यंत.

काहीच आवाज आला नाही.